एक तास आधी उघडलेला हॉल: मेटहाव खोऱ्यातले दोन दिवस

बेलव्ह्यूहून निघताना मी गाडीची डिकी पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो. बर्फ लागलाच तर चाकांना बांधायच्या साखळ्या, दोन लॅपटॉप, लांब वायर, स्पीकर, पाणी. मृणालताई थर्मास मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

"ओंकार, आता परत उघडलीस तर मी बसने जाईन."

तिथे बस जात नाही हे त्यांनाही माहीत होतं.

मृणालताई मूळच्या पुण्याच्या. वणव्याच्या धुराने फुप्फुसांचं काय होतं, यावर त्या संशोधन करतात. मी कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं. त्यांच्यासाठी गावोगावी हवा मोजायची यंत्रं बसवतो, दुरुस्त करतो आणि गाडी चालवतो. त्यामुळे हा ब्लॉग फिरण्याचा असला तरी या वेळी आम्ही कामाला निघालो होतो, आणि काम नाजूक होतं.

थोडक्यात सांगतो. युरोपातले देश मिळून संशोधनासाठी एक मोठा सरकारी निधी ठेवतात. हवामान, साथीचे आजार, म्हातारपण, असे एकट्या देशाला न पेलणारे प्रश्न त्यात घेतले जातात. तो सहसा एकट्याने मागता येत नाही, निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी हातात हात घालून मागायचा. आमचा प्रकल्प धुराचा. त्यात ग्रीस आहे, पोर्तुगाल आहे, आणखी काही देश आहेत, आणि वणव्यांचा अनुभव जुना म्हणून अमेरिकेतलं हे एक खोरं. आम्हाला युरोपचा पैसा मिळत नाही, आपला खर्च आपण करायचा. पण आम्ही त्या प्रकल्पात आहोत म्हणून इथली काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, गावच्या हॉलमधल्या 'स्वच्छ हवेच्या खोली'चा खर्च उचलते. आता प्रकल्पाचं मधलं मूल्यमापन होतं. परीक्षकांना व्हिडिओ कॉलवर गावातल्या माणसांशी थेट बोलायचं होतं. त्यांचं समाधान झालं नाही तर आमचं खोरं वगळणार, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात खोलीला कुलूप.

रस्ता मात्र सुंदर आहे. आय-नव्वद महामार्गावरून स्नोक्वाल्मीचा घाट, क्ले एलमनंतर डावीकडे वळून ब्लूएटचा घाट. ऑक्टोबरअखेरीस तिथे लार्चची झाडं हळदीसारखी पिवळी होतात. पेट्रोल वेनॅचीलाच भरून घ्या, पुढे महाग आहे. तिथून कोलंबिया नदीच्या काठाने पॅटेरोसपर्यंत सफरचंदांच्या बागा लागतात. रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीवर 'हनीक्रिस्प' जातीची सफरचंदं घ्या, दुकानातल्यापेक्षा स्वस्त आणि खरोखर करकरीत. पॅटेरोसला डावीकडे वळलं की मेटहावचं खोरं सुरू होतं आणि फोनचं नेटवर्क संपतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर जळकी खोडं उभी आहेत, उदबत्त्या जळून उरलेल्या काड्यांसारखी.

सीझन संपल्यामुळे मोटेल उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यात मिळालं. सामान टाकून आम्ही हॉलवर गेलो. हॉलची किल्ली मार्जीकडे असते. ती निवृत्त शाळामास्तरीण. तिने धुराची हवा गाळायला पंख्याला चार बाजूंनी फिल्टर चिकटवून केलेली खोकी भिंतीशी ओळीने मांडली होती. हा प्रकार ती ग्रीसमधल्या एका गावच्या बाईकडून, प्रकल्पाच्या कॉलवरच शिकली. धुराच्या दिवसांत झोपायला ठेवलेल्या एका खाटेवर डग बसला होता. सत्तरी ओलांडलेला बागवाला, बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करणारा.

"धूर आला की मी इथे झोपतो," त्याने मृणालताईंना सांगितलं. "हवा चांगली झाली की मार्जीचं घोरणं टाळायला घरी."

"मी घोरत नाही. तो पंख्यांचा आवाज," मार्जी म्हणाली.

त्या खोलीत धुराचे दिवस काढलेला आणि कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार असलेला डग एकटाच होता. सगळी मदार त्याच्यावर होती.

सभा दुसऱ्या दिवशी ब्रसेल्सच्या वेळेने संध्याकाळी पाच वाजता. आमच्या सगळ्या सभा तेव्हाच असतात, आणि नऊ तास वजा करून इथे सकाळचे आठ होतात. हॉलच्या दारावरचा कागद मीच लावला होता: सकाळी आठ. मार्जीने पावणेआठलाच कॉफी मांडली. बागांमधून पंधराएक माणसं आली. मी लॅपटॉप हॉलच्या इंटरनेटला जोडला. पडद्यावर अक्षरं आली: सभा अजून सुरू झालेली नाही.

मी वायर काढून पुन्हा लावली. दुसरा लॅपटॉप जोडला. तेच.

"युरोपातले लोक झोपलेत का?" मागून कोणीतरी विचारलं.

मृणालताई पडद्याकडे बघत होत्या. मग हळूच मराठीत म्हणाल्या, "ओंकार, लास्ट संडेला युरोपची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. आपली या संडेला जाणार. या आठवड्यात डिफरन्स आठ तासांचाच आहे यार."

म्हणजे सभा नऊला होती. दोन वर्षं मी नऊ वजा करत होतो आणि त्यांनीही तेच गृहीत धरलं होतं. मी उठून सगळ्यांना सांगितलं. लोक हसले, पण सफरचंदाची तोडणी चालू होती. बरेचसे टोप्या घालून निघालेच. आणि डगही उठला.

"मला साडेदहाला वेनॅचीत फुप्फुसांच्या डॉक्टरकडे पोचायचंय. ही वेळ मिळायला उन्हाळा गेला. साडेआठच्या पुढे थांबता येणार नाही."

मृणालताई म्हणाल्या, "नाही, नाही, अपॉइंटमेंट कॅन्सल करायची नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पॅटेरोसला नेटवर्क आहे ना? तू डगना घेऊन ड्राइव्ह कर. मी इथून सभा सांभाळते. नऊला त्यांना फोनवर जॉइन कर."

सव्वाआठला आम्ही निघालो. नदीकाठचा वळणांचा रस्ता, उतारावर सावलीत दंव. हरणं कुंपणाशी उभी होती. त्यातलं एक अचानक समोर आलं आणि मी करकचून ब्रेक मारला.

"ही हरणं म्हणजे इथले ट्रॅफिक पोलीस," डग म्हणाला. "सावकाश घे, मुला. मेलो तर बोलणार कोण?"

पुढच्या वळणावर रस्त्याचं काम. केशरी जाकिटातली बाई 'थांबा'ची पाटी धरून उभी. एकच लेन चालू होती, समोरून रांग येत होती. मी इंजिन बंद केलं, चालू केलं, बंद केलं. डगने काच खाली करून तिला हाक मारली, "काय गं, तुझे वडील बरे आहेत ना?" ती बरे म्हणाली. पाटी काही फिरवली नाही. रांग संपल्यावरच फिरवली.

पॅटेरोसच्या नदीकाठच्या बागेत गाडी उभी केली तेव्हा फोनवर नेटवर्कच्या दोन काड्या आल्या आणि नऊ वाजून गेले होते. मी फोन डॅशबोर्डला टेकवला. पडद्यावर मृणालताई, मार्जी, उरलेले चार-पाच गावकरी आणि चौकटींमध्ये अनोळखी चेहरे. एका परीक्षक बाईंनी नमस्कार करून थेट विचारलं, "या प्रकल्पाच्या पैशातून तुम्हाला काय मिळालं?"

"पैसे? एक सेंटही नाही," डग म्हणाला.

पडद्यावर मृणालताईंनी डोळे मिटले.

"ग्रीसच्या एका बाईने मार्जीला खोकं शिकवलं. ऑगस्टमध्ये समोरचा डोंगर दिसेनासा झाला तेव्हा मी त्या खोक्यांच्या मध्ये झोपलो आणि सकाळी उठलो. या वयात उठणं मी मिळकत धरतो."

बाई हसल्या नाहीत. "आमच्याकडे इतर गावं आहेत. हेच का ठेवावं?"

"कारण तुमच्याकडे आता सुरू होतंय ते आम्ही कधीचं सोसतोय. आमच्या चुका तरी बघून घ्या. फुकट—"

त्याला खोकला आला. तो थांबेना. मी पाणी पुढे केलं, त्याने हात हलवला. फोन बाजूला घ्यावा का, मला कळेना. अखेर त्याने श्वास जमवला आणि फोनकडे बोट केलं.

"हेपण लिहून घ्या."

वेनॅचीला आम्ही वेळेत पोचलो. डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर डगने फक्त एवढंच सांगितलं, की औषध बदललंय आणि धुरात घराबाहेर पडायचं नाही. परतीच्या वाटेवर त्याने टपरीवरून माझ्यासाठी सफरचंदांची पिशवी घेतली. संध्याकाळी मृणालताईंना घेऊन मी बेलव्ह्यूला निघालो. घाटात पाऊस होता, साखळ्या लागल्या नाहीत.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. माझ्या फ्रिजमधली डगची सफरचंदं तोवर सुरकुतली होती. खोरं प्रकल्पात राहिलं. अट एकच: पुढच्या प्रत्येक सभेत गावातल्या एका तरी माणसाने बोलायचं. मार्जीने खोलीसाठी फिल्टर मागवले.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. लार्चसाठी जा, सफरचंदांसाठी जा. धुराच्या दिवसांत मात्र नको, त्या खाटा त्यांच्यासाठी आहेत.

काल डगचा मेसेज आला: "पुढची सभा कितीला? तुझ्या घड्याळात की त्यांच्या?" मी दोन्ही वेळा लिहिल्या, ताईंकडून तपासून घेतल्या आणि खाली तिसरी लिहिली, त्याने घरून निघायची. त्याचं उत्तर आलं: "निघतोय कुठे? मी हॉलमधल्या त्या खोलीतच असेन."