बेडकाची तार

आज रेडिओला सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला आणि ताईचा प्लास्टिकचा बेडूक आठवला. जयपूरच्या सीतापुऱ्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज सोडून ताई खेळण्यांना तारा डकवून त्यांतून इलेक्ट्रॉनिक संगीत काढायला लागली, तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. ते तिथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गणेशोत्सवात त्यांनी संस्कृतीवर लांबलचक भाषण केलं, लोक प्रसादाच्या टेबलाकडे बघत राहिले आणि मग ताई बेडूक घेऊन मंचावर आली. बेडकाच्या दोन तारा दोघांनी एकेक धरून हातात हात घेतला, की तो वाजायचा. तिच्या जोडीला येणारी मैत्रीण आलीच नव्हती.

“बाबा, ही तार धरा.”

“मतलब, सगळ्यांसमोर?”

“भाषणही सगळ्यांसमोरच केलंत की! आणि हात सोडलात तर बंद पडेल.”

लोक हसले. बाबांनी तार धरली, ताईने त्यांचा हात. बेडूक गंजल्या बिजागरीसारखा करकरला. पकड घट्ट होईल तसा स्वर चढे. त्याला संगीत म्हणायला मी आजही तयार नाही. तेव्हा तर कार्यक्रम उगाच लांबतोय असं वाटून मी प्रसादाची वाट बघत होतो. आवाज काही थांबेना. उलट स्वर चढतच गेला.