प्रॅक्टिसचा इंटरव्ह्यू

आयुष्यात मी एकच इंटरव्ह्यू दिला. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कची जागा होती, समोर प्राचार्य होते आणि त्यांना जेवणाची घाई होती. टायपिंग येतं का, विचारलं. येतं म्हटलं. उद्यापासून या म्हणाले. एवढ्या भांडवलावर मी पुढे शेकडो मुलांना इंटरव्ह्यू कसा द्यायचा ते शिकवलं. खुर्चीत कसं टेकायचं, हात कुठे ठेवायचे, 'तुमच्यातला एक दोष सांगा' म्हटल्यावर कुठला दोष अजिबात सांगायचा नाही. माझा नवरा पाहुण्यांसमोर म्हणतो, ही पोहायला छान शिकवते, फक्त स्वतः पाण्यात उतरत नाही.

प्लेसमेंटच्या खोलीत माझी बदली झाली ती फोनमुळे. कंपन्यांची माणसं प्राध्यापकांशी तुटक बोलतात आणि माझ्याशी नीट बोलतात, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. नातेवाइकांत मात्र माझा भाव एकदम वधारला. लग्नात, बारशात कुणी ना कुणी आपल्या पोराला माझ्यासमोर उभं करायचं, 'हिला नमस्कार कर, नोकऱ्या हिच्या हातात असतात.' त्या वेळी माझ्या हातात बहुधा जिलबीचं ताट असायचं.

नणंदेची मुलगी आमच्याच कॉलेजात आली तेव्हा ती अशी नमस्कार करणाऱ्यांतली नव्हती. लॉजिस्टिक्सची डिग्री तिने स्वतः निवडली होती. तिचे वडील न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. शाळेच्या सुट्टीत ते तिला बाइकवर मागे बसवून तिकडे न्यायचे आणि ती तासन् तास क्रेनकडे बघत बसायची. बंदरात उतरलेला कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा, जहाजावर कुठला कुठे चढवायचा, हे आधीच बसून ठरवणारी माणसं असतात. तिला ते व्हायचं होतं. डॉक्टर, कलेक्टर, हिरॉइन असलं काही मधे आलंच नाही. गणपतीला गावी निघताना गाडीची डिकी तीच भरायची. जो आधी उतरणार त्याची बॅग वर, जो शेवटी उतरणार त्याची तळाला. एकदा तिच्या मामाने मधेच पाण्याची बाटली काढायला डिकी उचकटली, तर पनवेलपासून पेणपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

आता आमच्या खोलीच्या दोन रीती सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच अडलं.

एक म्हणजे, सीझनची पहिली कंपनी आली की सगळ्यांनी बसायचं. नोकरी हवी असो वा नसो. प्रॅक्टिस होते, भीड चेपते. दुसरी म्हणजे, एका मुलाला एकच नोकरी. ऑफर आली की त्याचं झालं, पुढच्या कंपनीला बसायचं नाही, कारण मागे अजून रांग आहे. ऑफर नाकारली तरीही बसायचं नाही, कारण कंपनी नाराज होते आणि पुढच्या वर्षी फिरकत नाही. दोन्ही रीती माझ्या आधीपासूनच्या आणि दोन्ही चांगल्या. आमची साधी मुलं पहिल्या कंपनीत पडायची, दुसरीत अडखळायची, चौथी-पाचवीत लागायची. त्यामुळे या दोन रीती एकमेकींना कधी आडव्या आल्याच नव्हत्या.

त्या वर्षी पहिली कंपनी आली ती ऐरोलीची, परदेशी बँकांची कागदी कामं करणारी. मोठी, चकचकीत, दर वर्षी मुलं उचलणारी. नणंदेचा फोन आला, वहिनी, हिला बसव हं पहिल्याला, प्रॅक्टिस होईल. मी म्हटलं, बसवायचं काय, सगळेच बसतात. रविवारी आमच्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली. माझ्या नवऱ्याने चष्मा नाकाच्या टोकावर ओढून विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? ती म्हणाली, इथेच, मामी चहा आणेपर्यंत. आम्ही सगळे हसलो. मी तिला पॉइंट्स काढून देत होते आणि ती शेवेचे लाडू खात होती, कारण तिला ती नोकरी नकोच होती.

आणि त्यामुळेच घोळ झाला. ज्याला नोकरी नको असते तो इंटरव्ह्यूत किती छान दिसतो हे इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. बाकीची मुलं घामाघूम, घोकलेलं विसरणारी. ही आत गेली, गप्पा मारून आली. काय विचारलं म्हटलं, तर म्हणाली, काही नाही गं, त्यांच्या मॅडमना मी विचारलं की तुमच्याकडे लोक सोडून का जातात, तर त्या बराच वेळ बोलत बसल्या.

संध्याकाळी निकाल आला. तिचं नाव सगळ्यात वर.

नणंद पेढे घेऊन आली. सोसायटीच्या वॉचमनपासून सगळ्यांना वाटत वर आली असावी, कारण आमच्यापर्यंत येता येता पुडा अर्धा झाला होता. हॉलमध्ये हसणं-खिदळणं चालू होतं आणि मुलगी स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"मामी, ही प्रॅक्टिस होती ना?"

एवढंच. तक्रार नाही, आवाज चढवलेला नाही. हिशोबात काहीतरी चुकलंय आणि ते मोठ्या माणसाने नीट करून द्यावं, अशा सुरात. मी तिला समजावलं. बंदरात कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं काम बघणारी एक टर्मिनल कंपनी होती, पण ती आमच्याकडे दोन वर्षं आलीच नव्हती. यंदा येईल की नाही, देव जाणे, आणि आली तरी नियमाने तिला बसता येणार नव्हतं. हातातलं सोडून बसायचं कशाच्या भरवशावर? मी समजावलं, तिच्या मामाने समजावलं, तिच्या वडिलांनीसुद्धा, जे स्वतः तिला बाइकवर तिकडे नेत होते, त्यांनीही हेच सांगितलं. आम्ही सगळेच इतके शहाणे होतो की तिला बोलायला जागाच उरली नाही. तिने हो म्हटलं.

आणि मग जानेवारीत फोन वाजला. टर्मिनल कंपनी. यंदा यायचं म्हणतो, दोन-तीन मुलं हवीत, यार्ड प्लॅनिंगला ट्रेनी म्हणून. मी 'हो सर, नक्की सर' करत फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. शिपायाने येऊन विचारलं, मॅडम, बरं वाटत नाही का?

तिला मीच सांगितलं, जिन्यात गाठून. म्हटलं, तुझे पोर्टवाले येतायत. तिने खांद्यावरची बॅग नीट केली. मग म्हणाली, "बरं. त्यांना चहा सांगायचा की कॉफी?" ती आमची स्टुडंट कोऑर्डिनेटर होती. कंपनी आली की खोली उघडणं, पाणी ठेवणं, मुलांना एकेक करून आत सोडणं ही कामं तिच्याकडे असायची.

रात्री नणंदेचा फोन. ती भांडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुझ्या हातात आहे ना गं थोडंफार?" मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, हो, नियम तर आहेच. आणि फोन ठेवायच्या आधी मला सर्दी कशी आहे ते विचारलं.

नियम मोडायला मला कुणी बंदुकीने अडवलं नव्हतं. पण महिन्याभरापूर्वीच तुर्भ्याची एक मुलगी माझ्या टेबलाशी उभी राहून गेली होती. तिलाही एक नोकरी लागली होती आणि तिला दुसरीकडे बसायचं होतं. तिला मी छान समजावून परत पाठवलं होतं, मागे रांग आहे गं बाळा, म्हणून. ती रोज कँटीनमध्ये दिसायची. भाचीचं नाव घातलं तर त्या मुलीसमोरून चहाचा कप घेऊन कशी जाणार होते मी? तरीही मनात एक होतं. भाची येईल, विचारेल. विचारलं की बघू. ती विचारायला आलीच नाही.

पोर्टवाले आले त्या दिवशी मुलं पॅसेजमध्ये ओळीने बसली होती आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बंदर त्यांतल्या निम्म्यांनी पाहिलंही नव्हतं. माझी भाची त्यांच्यामधे उभी राहून शिकवत होती. कुणाचा टाय सरळ करत, कुणाला पाणी देत. थंड कंटेनर असतो ना, मासे, द्राक्षं असलेला, त्याला विजेचा प्लग लागतो, म्हणून तो वाटेल तिथे ठेवून चालत नाही, आधी प्लग कुठे आहेत ते बघायचं. जड खाली. आणि हे विचारलं नाही तर आपणहून सांगायचं, काय? मुलं माना डोलावत होती.

इंटरव्ह्यू घ्यायला आलेले साहेब उरणकडचे होते. सकाळपासून माझ्याशी कडक इस्त्रीचं मराठी बोलत होते. मधे फोनवर बोलायला म्हणून ते बाहेर आले आणि तिचं ऐकत दारातच थांबले. फोन संपला तरी हलेनात. मग माझ्याकडे वळले आणि इस्त्री उतरली.

"मॅडम, ही पोरगी कोन हाय? हिला का नाय बसवली?"

मी तोंड उघडलं. मला नक्की आठवतंय, मी तोंड उघडलं होतं. साहेब पुढे म्हणाले, अजून वेळ हाय, एक नाव वाढवा, मी बघतो. पॅसेजमधली सगळी मुलं आमच्याकडे बघत होती.

"सर, माझं झालंय," भाची म्हणाली. हसत, जसं कुणी वाढायला आल्यावर पानावर हात आडवा धरून सांगावं. "पुढचा कॅंडिडेट पाठवू?"

साहेबांनी दोघींकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. तीन मुलं घेतली त्यांनी. तिघांनीही थंड कंटेनरचं आपणहून सांगितलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी वाशीच्या बसमध्ये शेजारी बसलो. मार्केटकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे बस हलत नव्हती. मी माझ्या पर्सची चेन उघडझाप केली. मग म्हटलं, तू माझ्याआधी का बोललीस?

"कारण तू हो म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि मग सगळं कॉलेज तुला बोललं असतं, स्वतःच्या भाचीला घुसवलं म्हणून. ती तुर्भ्याची मुलगी तर मैत्रिणीला सोबत म्हणून समोरच बसली होती. तुला दिसली नाही?"

मला दिसली नव्हती. पण त्याहून वाईट हे की मी हो म्हणाले असते, याची तिला जेवढी खात्री होती तेवढी मला नव्हती. सांगायला हवं होतं. बस हलली, कंडक्टर आला, सुट्ट्या पैशांवरून काहीतरी बोलणं झालं, आणि राहून गेलं.

आता ती ऐरोलीत बऱ्यापैकी वर चढली आहे. हाताखाली माणसं आहेत, गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र आहे, आणि तिची आई तिचं सगळीकडे कौतुक करत फिरते. वाईट काही झालं नाही. हेच लोकांना समजावणं अवघड जातं. एखादी नोकरी गेली, कुणी फसवलं, तर हळहळायला निमित्त तरी असतं. मी मात्र आता पहिल्या कंपनीच्या आधी प्रत्येक मुलाला विचारते, लागली तर जाशील का? नाही म्हटलं की सरळ घरी पाठवते. मुलांना वाटतं मॅडमचं वय झालं. प्राध्यापक म्हणतात, आकडे खाली येतात.

गेल्या महिन्यात ती रविवारी जेवायला आली. भाकरी थापता थापता मी विचारलं, पोर्टला पुन्हा प्रयत्न का नाही करत? ती म्हणाली, केला की. ट्रेनी म्हणून त्यांना नुकती पास झालेली मुलं लागतात आणि वरच्या जागेला बंदराचा अनुभव लागतो. मी दोन्हीत नाही. हे तिने गंमत सांगावी तसं सांगितलं आणि आमटी ढवळायला लागली.

तेव्हा मी सांगून टाकलं. तव्याकडे बघत, पाठमोरी. म्हटलं, "त्या दिवशी पॅसेजमध्ये मी बहुतेक नाही म्हणाले असते गं."

आमटीतला डाव थांबल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, ज्याला मी इतकी वर्षं घाबरत होते.

"बहुतेक ना?" ती म्हणाली. "नक्की असं नाही ना?"

"नक्की असं नाही."

"मग ठीक आहे," असं म्हणून तिने गॅस बारीक केला आणि मामाला जेवायला हाक मारली.