दुपारचा रकाना

मोहोपाड्याच्या कमळाकरांना आपल्या साखरेचा भारी अभिमान. फुप्फुसांच्या आजारासाठी दोन वर्षं ते रोज सकाळी स्टेरॉइडची गोळी घेत होते. तिच्यामुळेच साखर चढली, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून कमळाकर पहाटे उपाशीपोटी बोट टोचत, ‘एकशे आठ’ लिहीत आणि वही दारावरच्या दूधवाल्यालाही दाखवत.

दुपारी जेवल्यावरही तपासायचं होतं. पण भाताचा दुसरा ढीग आणि वाटीभर आमरस संपवून कोण टोचून घेणार? तो रकाना ते आडवं पडल्या पडल्या अंदाजाने भरत: एकशे चाळीस.

पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली होती. ती जखम मात्र वही वाचत नव्हती. महिनाभरात ती न दुखताच काळी पडली. खोपोलीचे डॉक्टर वही चाळून बुचकळ्यात पडले. म्हणाले, “आठवड्यात सुधारली नाही तर अंगठा काढावा लागेल.”

त्या दुपारी जेवणानंतर दोन तासांनी उज्वलाबाईंनी मशीन नवऱ्यापुढे ठेवलं.

“बोट द्या.”

“आता कशाला गं? सकाळी तपासली ना!”

“कंपनीत होता तवा सांडपाण्याचा नमुना कधी भरायचात तुमी?”

“सकाळी. प्लांट थंड असतो तवा पाणी साफ येतं.”

“आन् साहेब खूश. हितं साहेब कोण हाय? अंगठा तुमचाच जाणार हाय.”

कमळाकरांनी मेहेरबानी केल्यासारखं बोट दिलं. तीनशे ब्याण्णव.

“मशीन बिघडलंय.”

उज्वलाबाईंनी नवी सुई लावून स्वतःचं बोट टोचलं. एकशे बारा.

“माज्यासाठी बरं दुरुस्त झालं!”

पाच दिवस त्यांनी दुपारचे खरे आकडे लिहिले आणि वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवली. कमळाकर पंख्याकडे बघत बसले. डॉक्टर म्हणाले, “सकाळच्या गोळीचा जोर दुपारनंतर दिसतो. पहाटेचा आकडा साळसूदच असणार.” गोळी एकाएकी बंद करायची नाही, असं बजावून त्यांनी तिच्या जोडीला सकाळचं इन्सुलिन लिहून दिलं. उज्वलाबाईंनी आमरस बंद केला, तो डॉक्टरांना न विचारता.

जखम दोन महिन्यांनी भरली. अंगठा वाचला. “आमच्या घराण्याची हाडंच मजबूत,” असं कमळाकर आता सांगतात. इन्सुलिन रोज उज्वलाबाईच टोचतात. केसाएवढी सुई बघून हे मजबूत घराणं डोळे मिटतं.

“हळू गं! दुखतं ना!”

“दुखतं तेच बरं,” उज्वलाबाई म्हणतात. “अंगठा सडत होता, तवा कुटं दुखत होतं?”