न धरलेला महिना

आमच्या मनकर्णावहिनीला गप्प बसवणं कुणाला जमलं असेल तर ते फक्त माझ्या मायला. बाकी कुणाची टाप नव्हती. निंबोल्याची ही पोर लग्न होऊन जैनाबादेत आमच्या घरी आली, तेव्हा मांडवातच तिचा आवाज ऐकून एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, नवरी कोणती आणि वाजंत्री कोणती?

मी मंगला, तिची नणंद. मला दिली होती बुऱ्हानपुरात, इतवाऱ्यातल्या एका मास्तरांना. म्हणजे माझ्या सासर-माहेरात फक्त तापी. सकाळी मी राजघाटावर धुणं घेऊन गेले की पलीकडच्या काठावरून हाक यायची, “ताईऽऽ! आज भरीत केलंय! येऊन राहिल्या का?” सगळा घाट माना वळवून बघायचा. मला लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा. आमचे मास्तर म्हणायचे, तुमच्या माहेरी टपालखात्याला कामच उरलेलं नाही. वहिनी त्यांची नक्कल करायची, फळा पुसून झाल्यासारखे हात झटकत. मायची नक्कल मात्र ती कधी माय घरात असताना करत नसे. एवढी अक्कल तिला होती.

तिचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, निंबोल्याला. झालं कसलं, अडलं. दोन दिवस कळा खाऊन पोरगी अर्धमेली झाली, तेव्हा कुठे बापाला आगगाडी आठवली. खंडव्याच्या अस्पतालात पोट चिरून मूल काढलं. मुलगी. तिचं नाव लीला. आई-मुलगी दोघी वाचल्या, आणि त्या काळात आमच्याकडे ही केवढी मोठी गोष्ट होती ते आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. मायनं तिला चार महिने पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नाही. डिंकाचे लाडू स्वतः वळून, समोर बसून खायला घातले. माझ्या मायबद्दल पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकताना हे लाडू विसरू नका. मला स्वतःला ते बळेच आठवावे लागतात.

पण वहिनीच्या मनात एक काटा राहिला. एकदा शेंगा फोडताना ती मला म्हणाली, “ताई, सगळ्या बाया सांगतात पोरगं पहिल्यांदा कसं रडलं ते. मला कुणी विचारलं तर काय सांगू? मला भूल दिली होती. मी शुद्धीत आली तोपर्यंत ही बाईसाहेब रडून, दूध पिऊन झोपली होती. माझ्याच घरचं लगन आणि मीच नव्हती!” असं म्हणून हसली. मी नाही हसले.

पंचावन्न साली भाद्रपदात धोंड्याचा महिना आला. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे लेकी-जावयांचे लाड. मायनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, मास्तरांना अनारशांचं वाण दिलं. जेवणं झाल्यावर ओसरीवर पुरुषमाणसं गप्पा मारत होती. बुऱ्हानपूर कोणत्या राज्यात राहणार, मराठी लोकांनी काय करायचं, कमिशन काय म्हणतंय. मास्तर सगळ्यांना नकाशा हवेत काढून दाखवत होते. चुलीपाशी वहिनी माझ्या कानात म्हणाली, “दिवस गेलेत.”

लीला चार वर्षांची झाली होती. मी तिला विचारलं, आता काय करायचं? तिनं उलट मलाच विचारलं. गावची सुईण मालूबाई तिला रोज सांगत होती, पहिल्याला अडलं म्हणून दुसऱ्याला अडतंच असं नाही, ये माझ्या हाती. आणि वहिनीला तेच हवं होतं. पुन्हा चिरायला नको, भूल नको, घरच्या बाजेवर बाळंत व्हायचं आणि आपलं पोर रडताना आपल्या कानांनी ऐकायचं. यात काय चूक होती? काहीच नाही.

धोंडा सरल्यावर मी तिला बुऱ्हानपुरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पहिल्या खेपेला बुऱ्हानपुरात ऑपरेशन करणारं कुणी नव्हतं, या बाई नंतर नागपूरकडून आल्या होत्या. माय सोबत होतीच. बाईंनी पोटावरचा व्रण पाहिला, उभा, बेंबीच्या खालपर्यंत. म्हणाल्या, “आतल्या पिशवीवरही असाच टाका असणार. कळा जोरात आल्या की तो उसवू शकतो. उसवला तर आईही जाते आणि मूलही. सुईणीचं काम नाही हे. नववा लागला की इथं आणून ठेवा, कळांची वाट पाहू नका.” कितवा महिना म्हणून बाईंनी विचारलं. वहिनीनं तोंड उघडायच्या आत मायनं उत्तर दिलं.

परतताना नावेत वहिनी एक शब्द बोलली नाही. नाववाल्यानं दोनदा वळून पाहिलं, बाई आजारी तर नाही? पलीकडे उतरल्यावर चिखलात उभी राहून ती म्हणाली, “ऐकायचं राहिलं तर राहिलं, ताई. लीलाला माझा आवाज ऐकू येत राहिला पाहिजे. मी अस्पतालातच जाते.” तिचे डोळे भरून आले होते. एवढी मोठी गोष्ट तिनं एका नदीच्या रुंदीत ठरवली आणि पुन्हा कधी मागे फिरली नाही. घरी मालूबाईला तिनंच सांगितलं, मावशी, या खेपेला तुमची सुट्टी.

मला वाटलं आता माय भांडेल. माय भांडली नाही. म्हणाली, “डॉक्टरीण म्हणते ना, मग नववा लागला की घेऊन जा. मी कशाला आडवी येऊ? पण आठव्यात माझी सून नदी वलांडणार नाही.”

हे वेडेपण होतं, पण उगीच आलेलं नव्हतं. माझी थोरली बहीण आठव्या महिन्यात माहेरी यायला निघाली होती. नावेतच तिला रक्तस्राव सुरू झाला आणि जैनाबादच्या काठावर, मायच्या मांडीवर ती गेली. तेव्हापासून आठवा महिना आणि तापी या दोन गोष्टी मायच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या. दिल्लीत बसून लोक राज्यांच्या सरहद्दी हलवत होते. मायची सरहद्द हलवायला कोणत्या कमिशनाला पाठवायचं?

सातव्यात वहिनीला आणून माझ्याकडे ठेवते, असंही मी म्हणून पाहिलं. दोन महिने नणंदेच्या घरी? सून काय टाकून दिलीय का आम्ही? लोक काय म्हणतील? झालं. तो विषय तिथंच संपला.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले. मला जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली. एवढ्या हळू ती कधीच बोलत नसे. “ताई, पोर खाली सरकून राहिलं. आत्याबाई म्हणतात आत्ताशी आठवा लागला. मला तर नववा वाटून राहिला.”

मी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. आणि मग मला कळलं. मायनं धोंड्याचा महिना धरलाच नव्हता.

मी तशीच ओसरीवर गेले. “माय, तू धोंडा सोडून मोजलंस का?”

माय वाती वळत होती. “मग? धोंडा कुणी मोजतं का? त्या महिन्यात लगन नाही, मुंज नाही. तो महिना देवाचा. आपल्या हिशेबात येत नाही तो.”

“माय, पोटातलं पोर पंचांग बघून थांबलं का त्या महिन्यात?”

“जीभ लांब झाली तुझी इतवाऱ्यात राहून,” माय म्हणाली. “चार लेकरं झाली मला. तुला एक तरी झालं का?”

ते खरं होतं. मला मूल नव्हतं. मायनं नेमकं तिथं मारलं आणि पुन्हा वाती वळायला लागली. आतून वहिनी म्हणाली, “आत्याबाई, मला पण वाटतं की मोजणीत...” तर माय म्हणाली, “पहिल्या खेपेला तूच मोजलं होतं ना? काय दिवे लावले ते पाहिले आम्ही.” वहिनी गप्प बसली.

भिकनदादा म्हणजे माझा भाऊ, केळीच्या मळ्यातून आला तेव्हा मी त्याला गाठलं. चांगला माणूस. बायकोवर जीव होता त्याचा. त्यानं गाडीची चाकं वंगण घालून ठेवली होती, आत गादी टाकून ठेवली होती, नदीच्या उतारावरचे दगडसुद्धा बाजूला केले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंगले, पौष संपू दे. मायच्या हिशेबानं आठवा संपला की दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जुंपतो. थोडे दिवस तर राहिले. कशाला तिचं मन मोडायचं?” मी त्याला नको ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण गाडी जुंपली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आजच्या आज आणा. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, पौष संपल्यावर. मास्तर स्वतः नदी उतरून गेले. जावई म्हणून त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला, बोलण्याला मान दिला, आणि तसेच परत पाठवलं.

पौष संपायला आला होता. एका सकाळी आमच्या घरचा गडी उखर्डू धावत इतवाऱ्यात आला. वहिनीच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं. माय खोट्या कळा म्हणत होती, पण वहिनीनं या खेपेला कुणाचं ऐकलं नाही. मायला म्हणाली, “मला मरायचं नाही.” स्वतः उठून गाडीत जाऊन बसली. माय शेवटी शेजारी चढली, आणि गाडी निघाली होती.

मी टांगा घेऊन राजघाटावर गेले. माघाच्या तोंडाची तापी, गुडघ्याएवढं पाणी, मध्ये खडक उघडे पडलेले. पलीकडच्या उतारावरून गाडी पाण्यात शिरताना मला दिसली. भिकनदादा बैलांच्या पुढे चालत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी टांगेवाल्याला म्हटलं, घोड्याला पाणी पाज, आत्ता येतील.

गाडी मधोमध आली आणि थांबली. मायनं हात हलवून काही सांगितलं. दादा मागे गेला, आत डोकावला. आणि मग बैल वळले. गाडी परत जैनाबादकडे चालू लागली.

मी ओरडले. माझा आवाज वहिनीसारखा नाही, तो पोचला नसावा. मी लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरले. दगडांवरून घसरत, पडत पलीकडे गेले तेव्हा गाडी काठाला लागली होती. माय गाडीतून खाली उतरत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. खरंच हसू होतं. “थांबल्या बघ कळा! एकदम थांबल्या. म्हटलं नव्हतं, आठव्यातल्या खोट्या कळा म्हणून? उगीच नदीत घालून राहिले होते माझ्या सुनेला.”

मी गाडीत चढले. वहिनीच्या कपाळावर घाम होता आणि ओठांत रंग नव्हता. तिनं माझा हात धरला. “ताई, आता दुखून नाही राहिलं,” ती म्हणाली. “पण आत काही तरी सुटलं.”

“दादा, गाडी फिरव!” मी म्हटलं. त्यानं मायकडे पाहिलं. त्या वेळीसुद्धा त्यानं मायकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून बैलांची शेपटी पिरगाळली.

राजघाटाच्या पायऱ्यांशी गाडी लागली तेव्हा टांगा उभाच होता. त्याचा उपयोग उरला नव्हता. वहिनी मधल्या खडकांपाशीच गेली होती, माझ्या मांडीवर, एक शब्द न बोलता. सगळ्या जैनाबादला ऐकू जायचा तो आवाज, आणि जाताना साधा हुंकार नाही.

पोटात मूल असलेली बाई तशीच जाळत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मूल काढून दिलं. मुलगा होता. डोक्यावर दाट केस, नखं वाढलेली. बाई म्हणाल्या, “पुऱ्या दिवसांचं आहे.” त्याचं रडणं कुणीच ऐकलं नाही. ते रडलंच नाही. माझ्या शेजारच्या एका बाईनं दबक्या आवाजात विचारलं, आठव्यातलं पोर एवढं मोठं? माय म्हणाली, “चांगलं खायला घालत होते मी तिला.” आणि तिथंच जमिनीवर बसून तिनं असा टाहो फोडला की माझा राग मला ठेवायला जागा सापडेना.

पण मोजणी तिनं बदलली नाही. जो भेटायला येई त्याला ती सांगे, थोरली लेक आठव्यात गेली, सूनही आठव्यातच गेली, तापीनंच नेली. लीलालाही तेच सांगितलं गेलं. लीला महिनोन्महिने सकाळी काठावर येऊन मला हाक मारायची, “आत्याऽ!” तिच्या आईसारखीच. मी घाटावर धुणं न्यायचं बंद केलं.

अडीच वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला, या खेपेला श्रावणात. मायनं आम्हाला जेवायला बोलावलं, मी गेले नाही. तेव्हा भिकनदादाच अनारशांचा डबा घेऊन इतवाऱ्यात आला. उंबऱ्यावर उभा राहिला, आत येईना. बराच वेळ चपलेचा अंगठा जमिनीवर घासत राहिला. मग म्हणाला, “मंगले, खरं सांग. तो धोंडा धरायला पाहिजे होता का?”

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण वहिनीचा चेहरा समोर आला. “हो दादा,” मी म्हटलं. “धरायला पाहिजे होता.”

त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला. “मायला सांगू नको,” म्हणाला, आणि नदीकडे चालू लागला.