तारेचा पत्ता : शेवंता, नागपूर

मागच्या आठवड्यात भाच्याच्या वेबसाईटचं नाव गेलं. मुदत वाढवायची राहिली, तेवढ्यात कुणीतरी ते डोमेन उचललं आणि आता त्यालाच विकायला बसलेत. "आत्या, लोकांचा हा धंदाच असतो," म्हणाला. मला माहीत नाही होय! माझं स्वतःचं नाव असंच गेलं होतं, सत्तरच्या दशकात. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर — अंगारे-धुपारे, उतारे सगळं बाबांनी तेव्हाच बंद केलं. आणि "तुम्हाला भास झाला असेल" असं कृपा करून लिहू नका. जे दिसलं ते मला दिसलंच नाही. ते दिसलं एका हलकट माणसाला.

लकडगंजात आमची बांबू-बल्ल्यांची लहानशी वखार होती. फोन नव्हता. तेव्हा व्यापारी लोक तार ऑफिसात वर्षाची फी भरून एका शब्दाचा पत्ता नोंदवायचे. बाबांनी माझं नाव नोंदवलं — शेवंता. कुठूनही 'शेवंता, नागपूर' एवढ्याच पत्त्यावर तार केली की ती आमच्या वखारीत यायची. पाटीवरही तेच. शाळेत मी त्यावर फार भाव खायची.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या धावपळीत पत्त्याची फी भरायची राहिली. तार ऑफिसाबाहेर एक दलाल बसायचा, कुणाचं नाव सुटतंय यावर टपून. त्यानं 'शेवंता' आपल्या नावावर करून घेतलं आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला बांबूचं दुकान असलेल्या मोतीशेटला विकलं. जंगलातले ठेकेदार सवयीनं 'शेवंता'ला तार करणार आणि आमचं गिऱ्हाईक त्याच्या दारात जाणार... सगळं नियमात बसवून केलेलं.

माय त्याच्याकडे गेली. "भाऊ, ते आमचं नाव होय. परत करा."

तो पान चघळत म्हणाला, "फुलाचं नाव आहे ते बाई. फुलं का तुमच्या मालकीचे आहेत?"

शेवंता ही कुणाची पोरगी आहे, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मायही ते न सांगताच परत आली. मी तिच्यावरही चिडले होते.

आता सगळी भिस्त माझ्या मोठ्या भावावर, नामदेवदादावर होती. तो माल बघायला अल्लापल्लीच्या जंगलात गेलेला. उन्हाळ्यातली एक दुपार — माय बाबांना पेज भरवत होती, मी शेजारी बसून पंख्यानं वारा घालत होते. दारात मोतीशेट येऊन उभा राहिला. घामाघूम, सदऱ्याची कॉलर फाटलेली.

"तुमच्या म्हाताऱ्याले आवरा जरा," तो म्हणाला.

माय उठून दारात गेली. "काहून? काय झालं?"

"काय झालं म्हणते! भर दुकानात येऊन माही कॉलर धरली त्यानं, गिऱ्हाइकासमोर. अन् एकच लावून राहिला — शेवंता, शेवंता, शेवंता. मी म्हटलं, पत्ता माह्या नावावर आहे, नाही देत. तर खिळ्याले टोचलेली ही तार ओढून माह्या तोंडावर फेकली. हे घ्या. कालची आहे, तुमचीच असन."

मी तार हिसकावली. 'नामदेव सीरियस. स्टार्ट इमिजिएटली.'

कालपासून त्याच्या खिळ्याला अडकवलेली! माझं डोकंच फिरलं. "वाचता येत नाही का तुम्हाले?"

"मले का माहीत कोण नामदेव? मले वाटलं चुकून आली."

माय दारातून बाजूला झाली. आत पलंगावर बाबा. ओठाच्या कोपऱ्यातून पेज ओघळलेली, उजवा हात आम्ही ठेवला तसाच उशीवर.

"हे आले होते?" मायनं विचारलं.

मोतीशेट त्या हाताकडे बघत राहिला. "ह्याच हातानं धरलं मले," म्हणाला आणि निघून गेला.

मी आणि मामा त्याच दिवशी निघालो. दादाच्या डोक्यात मलेरिया चढला होता. चांद्याच्या दवाखान्यात नेला म्हणून वाचला. उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्यावर मी मोतीशेटच्या हमालांना विचारलं. "तुहे बाबाच होते वं," त्यातला एक म्हणाला, "गल्लीभर आवाज गेला त्याहिचा." गल्लीभर! मी त्याच गल्लीत, बाबांच्या उशाशी बसले होते. मला काही ऐकू आलं नाही.

बाबांना विचारलं, तर नुसते बघत राहिले. पुढच्या वर्षी ते गेले, एक शब्द न बोलता. मोतीशेटनं पत्ता काही परत केला नाही, दरवर्षी फी भरत राहिला. त्या दुपारी त्याच्या दुकानात कोण गेलं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर पटेल असंही वाटत नाही.

राग मात्र वेगळाच आहे. वाचा गेल्यापासून मी रोज बाबांच्या तोंडाशी कान नेऊन बसायची, एकदा तरी हाक मारतील म्हणून. त्यांनी मारली. मोतीशेटनं ऐकली, त्याच्या हमालांनी ऐकली. मला नाही मिळाली.