विंध्य जिथे संपतो

चौथीत असताना मी नकाशात विंध्याची रांग इंदूरच्या बरीच खाली काढली आणि इंदूर मोकळ्या मैदानात ठेवलं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी मार्क कापले आणि म्हणाले, "डोंगर तिकडे कुठे शोधतेस? आपण त्याच्या पाठीवरच राहतो." मला पटलं नाही. इंदुरातल्या आमच्या सुदामा नगरात तर सायकलला चढसुद्धा लागत नसे.

त्या रविवारी ते मला महूच्या पुढे जामगेटला घेऊन गेले. जुना दगडी दरवाजा ओलांडला आणि समोर जमीनच संपली. खोल खाली निमाड, त्यात नर्मदेची बारीक रेघ, पलीकडे पुसट सातपुडा. आपण एवढ्या उंचीवर राहतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

गेल्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी एकच गोष्ट मागितली. जामगेटची ती कड एकदा पाहायची होती. पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, रस्त्यातच काही झालं तर?" तरी मी गल्लीतल्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. त्याने सगळा रस्ता खड्डे चुकवत गाडी हळू चालवली. त्याचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले.

अकराच्या सुमारास पोचलो, तर दरीभर पांढरं धुकं. टॅक्सीवाला हळूच म्हणाला, "अंकलजी, दिख तो कुछ नी रिया."

मला रडू आवरेना. एवढा त्रास देऊन त्यांना आणलं, ते यासाठी?

बाबांनी काच खाली करायला लावली. थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि मग गळ्यातला मफलर सोडू लागले.

"बाबा, थंडी आहे."

"ती आपल्या माळव्यात. ही निमाडची हवा, खालून चढून येतेय. बघ, कोमट आहे. इथे संपतो विंध्य." जरा थांबून म्हणाले, "आता तरी नकाशात रांग नीट काढशील?"

"अजून आठवतंय तुम्हाला?"

"मार्क मी कापले होते. मला नाही आठवणार?"

संक्रांतीच्या आधी ते गेले. भाऊ आला. दिवस झाल्यावर त्याने विचारलं, "त्यांना दिसलं का गं काही?" मी मफलरचं सांगितलं.

"बरं झालं, माझं ऐकलं नाहीस," तो म्हणाला, आणि मफलर घडी करून आपल्या बॅगेत ठेवला.