शकूचं खारं पाणी

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात शकू मेश्राम मला शेवटची भेटली, तेव्हा तिला बोलताना धाप लागत होती. तरी प्रकृतीबद्दल ती काही बोलली नाही. घरच्या टाकीतलं पाणी या महिन्यात बदलायचं राहून गेलं, एवढंच म्हणाली... त्याच आठवड्यात ती गेल्याचा निरोप शाळेत आला.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो. मी मराठी, ती जीवशास्त्र. सत्तर सालाच्या सुमारास ती मुलींची सहल घेऊन मुंबईला गेली आणि तिथल्या मत्स्यालयात पांढऱ्या पट्ट्यांचे शेंदरी मासे पाहून आली. गोड्या पाण्यातले मासे नागपुरात अनेकांकडे होते. हिला समुद्रातलेच हवे होते. तिचा धाकटा भाऊ रेल्वेत होता, त्यानं ते मुंबईहून आणून दिले. शकूनं काचेच्या टाकीत नळाचं पाणी भरलं आणि त्यात बाजारातलं खडेमीठ विरघळवून त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मेले.

मग भाऊ समुद्राचंच पाणी कॅनमध्ये भरून आणू लागला. त्या पाण्यात नवे मासे हिवाळाभर जगले. रविवारी शाळेतल्या मुली बघायला यायच्या. मे महिन्यात आम्ही शाळेत पेपर तपासत असताना वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. तिच्या घरी कूलर थांबला, हवेचा पंप थांबला, टाकीतलं पाणी तापत गेलं. मी तिच्यासोबत घरी गेले, तेव्हा मासे उलटे तरंगत होते. तिचे यजमान रामदासभाऊ आमच्याआधी पोचलेले. ते शांतपणे म्हणाले, "आता पुरे कर वं. काहून या मुक्या जीवांले मारून राहिली?"

शकूनं मेलेले मासे बाहेर काढले. टाकी गच्चीवर गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. शकूनं त्यातला एक मासा बाटलीत राखून ठेवला होता, तो वर्गात टेबलावर ठेवला. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "हा माझ्या हातानं मेला. माझं काय चुकलं, ते आज शिकू," असं म्हणून तिनं पूर्ण तास त्यावर घेतला. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग बाई, आता परत नाही आणणार?"

त्या रविवारी टाकी खाली आली. या वेळी ती मधल्या थंड खोलीत ठेवली. समुद्राचं पाणी, वाळू, दगड... आणि कितीतरी महिने एकही मासा नाही. टाकीत काय आहे म्हणून लोक हसत विचारायचे. "पाणी तयार होऊन राहिलं," असं ती सांगायची; माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव आधी त्यात रुजायला हवेत, म्हणून. वीज गेली की मग्यानं पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसायची, त्यात हवा मिसळावी म्हणून. मग दोन मासे आले. ते वर्षानुवर्षं जगले. रामदासभाऊ मात्र त्या खोलीकडे फिरकत नसत.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. ते बाह्या वर करून टाकीपाशी उभे होते. आत एकच मासा होता. दुसऱ्याचं त्यांनीच सांगितलं.

"नवं पाणी मी एकदम ओतलं. त्याले सोसलं नाही."

त्यांनी ओले हात पुसले. मग ते म्हणाले, "तिचा भाऊ मासा आणतो म्हणत होता. मी त्याले म्हटलं, मासा नको. पहिले नुसतं पाणी आण."